ओट्सची वाटी आणि आत्याबाईंची न्याहारी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत वाचायला मिळतो आहे. कुणाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, कुणाला वजन उतरवायचं म्हणून, तर कुणाला शेजारणीनं सुरू केलं म्हणून सकाळी ओट्स खायला सुरुवात झालेली आहे. पण अकरा वाजले की पोटात कावळे ओरडतात, हातापायांतलं बळ जातं, आणि मग डब्यातली बिस्किटं, फरसाण, काय हाताला लागेल ते तोंडात टाकलं जातं. "पौष्टिक म्हणतात, मग पोटाला आधार का वाटत नाही?" असं एकीनं विचारलंय.

मी काही आहारतज्ज्ञ नाही. देवगाव रंगारीसारख्या गावात राहणारी गृहिणी आहे. सकाळी चार तास शाळेत शिकवते आणि उरलेला दिवस घर सांभाळते. पण याच प्रश्नानं एकदा आमच्या घरात सगळ्यांना घाम फोडला होता. तेव्हा आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं आपोआप कळेल.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार आहे. मागं एकदा रक्त तपासलं तेव्हा कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "सकाळी पोहे-साबुदाणा नको, ओट्स द्या." आम्ही एवढंच ऐकलं आणि येताना पुडा घेऊन आलो. पुढं माझी हुशारी अशी, की कोलेस्टेरॉल म्हणून दूध बंद, तेल असतं म्हणून शेंगदाणे बंद, तूप तर बंदच. रोज सकाळी पाण्यात शिजवलेली, मीठ घातलेली वाटीभर खळ त्यांच्यापुढं ठेवायची आणि आपण पथ्य किती चोख सांभाळतो म्हणून मनातल्या मनात खूष व्हायचं!

घरात बाकीच्यांना भाकरी-पिठलं, मुलांना पोळी-भाजी आणि त्यांना ती खळ. त्या कधी काही बोलल्या नाहीत. औषध घ्यावं तशी दोन घोटांत संपवायच्या. एकदाच म्हणाल्या, "अगं माय, हे तर गुरांचं खाणं. चारा म्हणून पेरतेत हे." आम्ही सगळे हसलो. आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

एक दिवस साडेअकराला मी शाळेतून आले. आत्याबाई ओसरीवर बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात निवडायचे गहू. पण हात थांबलेला. लुगड्याचा पदर घामानं भिजलेला, बोटं थरथरताहेत. मला पाहून त्यांनी माझ्या नणंदेचं नाव घेतलं. माझ्या पोटात धस्स झालं. घरातल्या यंत्रावर साखर पाहिली तर 62! मुकाट्यानं तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली, तेव्हा ती 90 च्या वर आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

(ही गोष्ट लक्षात ठेवा, घरात साखरेचं माणूस असेल तर उपयोगी पडेल. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. वर आली की काहीतरी खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.)

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "ओट्सबरोबर काय देता?"

"काही नाही."

"दूध, दही, डाळ, दाणे?"

"काहीच नाही, डॉक्टर. सगळं बंद केलंय."

त्यांनी गोळीचं प्रमाण कमी केलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, मी ओट्स सांगितले होते, उपास नव्हता सांगितला."

दोष त्यांचा नव्हताच. गोळी पूर्ण पोटाची आणि न्याहारी अर्ध्या पोटाची, मग दुसरं काय होणार? आपण सल्ला अर्धा ऐकतो आणि उरलेला अर्धा आपल्या अकलेनं भरतो, तिथं फसतो.

ओट्समध्ये काय आहे, काय नाही

आत्याबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं बरं का. आपल्याकडे ओट हे रब्बीतलं चाऱ्याचं पीक म्हणूनच शेतकऱ्यांना माहीत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा ओटचा वाण हिरव्या चाऱ्यासाठीच आहे. पण तिकडे स्कॉटलंडात मात्र पिढ्यान् पिढ्या माणसं याचीच लापशी खाऊन थंडीवाऱ्यात कामं करत आली. आणि ती लापशी नुसती पाण्यावर भागत नसे, वर दूध किंवा साय असायची. तेवढं पुड्याबरोबर आपल्याकडे आलं नाही.

ओट्सचा खरा गुण त्याच्या चिकटपणात आहे. शिजवल्यावर जी बुळबुळ येते, ती बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूची. हा तंतू पोटात जेलीसारखा होतो, साखर रक्तात सावकाश जाऊ देतो आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरवायला मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1997 साली ओट्सच्या पुड्यावर तसं छापायला परवानगी दिली, तीही दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जात असेल तर, या बोलीवर. आपल्या एका वाटीतून त्यातलं निम्मं किंवा थोडं अधिक मिळतं. म्हणजे ओट्स चांगले, पण जादू नव्हे.

आता हिशेब करू. मी बी. ए. झालेली, गणिताशी माझं फारसं सख्य नाही, पण हा हिशेब सोपा आहे. एका माणसाला 40 ग्रॅम ओट्स पुरतात. घरातल्या लहान वाटीनं पाऊण वाटी होतात. त्यात प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, साधारण 5 ग्रॅम आणि स्निग्धांश 3 ग्रॅमच्या आत. पाण्यात शिजवून खाल्लं तर एवढंच पोटात गेलं.

आणि बाईला दिवसाला लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली जे प्रमाण ठरवलं, त्यानुसार 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यात आणखी सुमारे 22 ग्रॅमची भर लागते आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने सुमारे 17 ग्रॅमची. तीन वेळच्या खाण्यात 46 ची वाटणी केली तर सकाळच्या वाट्याला 15 ग्रॅम येतात. तिथं आपण 5 देतो. म्हणजे 10 ग्रॅमचा खड्डा! अकरा वाजता पोट ओरडतं ते या खड्ड्यातूनच. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात, भूक लांबवतात. ते नसले की नुसती लापशी लवकर उतरून जाते.

आणखी एक. कोणत्याही धान्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तर डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र आली की एकमेकींची उणीव भरून काढतात, चांगल्या जावा-जावांसारख्या! वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी ही आपल्या आजीची शहाणपणाचीच जोडी आहे. मग ओट्सलाच एकटं का ठेवायचं?

खड्डा कशानं भरायचा

यासाठी बदाम, अक्रोड, डबाबंद पावडरी आणायची काही गरज नाही. परवडत असतील तर बदाम-अक्रोड जरूर खा, पण आपल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या जिनसांत सगळं आहे.

शेंगदाणे: शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ 25 ग्रॅम प्रथिनं. दोन मोठे चमचे कूट, म्हणजे 15 ग्रॅम धरा, घातला की साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं आणि 6 ग्रॅम चांगला स्निग्धांश. दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे बिनदिक्कत फेकून द्या. भाजल्यानं त्यांतलं विष जात नाही.

जवस: आपल्या मराठवाड्याची चटणी! जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3 जातीचा स्निग्धांश असतो, जो शाकाहारी घरात फार थोड्या पदार्थांतून मिळतो. पण अख्खे जवस तसेच पोटातून निघून जातात, म्हणून मंद आचेवर भाजून, गार करून, कुटूनच घ्या. कुटलेले जवस लवकर खवट होतात. तेव्हा आठवड्यापुरतेच कुटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

कारळे आणि तीळ: कारळ्यातही प्रथिनं चांगली, तिळात कॅल्शियम भरपूर. चमचाभर भाजून वरून पेरले की चवही खुलते.

मूगडाळ, मटकी, हरभरे: दोन मोठे चमचे, म्हणजे 25 ग्रॅम मूगडाळीत 6 ग्रॅम प्रथिनं. मोड आलेली मटकी वाफवून घातली तर मुलंही खातात.

दूध, दही, ताक, अंडं: गाईच्या दूधाच्या मोठ्या कपात, म्हणजे 150 मिलिलिटरमध्ये, 5 ग्रॅम. अंड्यात 6 ग्रॅम. दही वाटीभर घेतलं तर तीनएक ग्रॅम. ताकात पाणी असतं, त्यामुळे पातळ ताकावर फार भिस्त ठेवू नका.

स्निग्ध पदार्थ म्हटलं की आपण दचकतो. पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतात. पूर्ण तोडून चालत नाही. कोणता आणि किती, एवढंच पाहायचं. मात्र एक ग्रॅम स्निग्धांशात 9 कॅलरी असतात, धान्याच्या दुपटीहून जास्त. तेव्हा चांगलं आहे म्हणून ओंजळभर दाणे घालू नका. चमचे मोजूनच घाला.

आमच्या घरी ठरलेले तीन प्रकार
(प्रमाण एका माणसाचं)

1. मूगडाळ घातलेले तिखट ओट्स

साहित्य: ओट्स पाऊण वाटी, मूगडाळ दोन मोठे चमचे, एक चमचा तेल, मोहरी, जिरं, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, आल्याचा लहान तुकडा, कांदा, टोमॅटो, गाजर किंवा मेथी, दाण्याचा कूट एक मोठा चमचा, कोथिंबीर, मीठ.

कृती: मूगडाळ रात्री धुऊन भिजत घाला, म्हणजे सकाळी झटपट शिजते. फोडणी करून कांदा, आलं, मिरची परता, भाज्या घाला, मग डाळ आणि दोन वाट्या पाणी. डाळ बोटचेपी झाली की ओट्स घाला आणि पाच मिनिटं शिजू द्या. शेवटी कूट आणि कोथिंबीर. बरोबर वाटीभर दही घ्या. प्रथिनं भरतात सोळाच्या आसपास.

आमच्या कन्नड तालुक्यात आल्याचं पीक पुष्कळ, त्यामुळे आमच्या फोडणीत आल्याचा हात जरा सढळ असतो. तुम्ही बेतानं घ्या.

2. दुधातले ओट्स

साहित्य: ओट्स पाऊण वाटी, दूध 150 मिलिलिटर, पाणी तेवढंच, दाण्याचा कूट दोन मोठे चमचे, जवसाची पूड एक लहान चमचा, वेलदोडा, चवीला दोन खजूर किंवा अर्धं केळं.

कृती: ओट्स आधी पाण्यात मऊ शिजवा, मग दूध घालून एक उकळी आणा. खाली उतरवून जरा निवल्यावर कूट आणि जवस घाला. साखरेच्या माणसाला खजूर, केळं, गूळ घालू नका, वेलदोडा-दालचिनीवरच भागवा. याचा हिशेब: ओट्सचे 5, दुधाचे 5, दाण्यांचे पावणेचार, जवसाचा एकेक. झाले ना पंधरा!

3. ताकातले ओट्स, कण्यांच्या धर्तीवर

हा आत्याबाईंचा शोध. पूर्वी आमच्याकडे ज्वारीच्या कण्या करत. ज्वारी जाड भरडायची, पीठ चाळून काढायचं आणि राहिलेल्या कण्या मऊ शिजवून वर ताक. तोंडी लावायला जवसाची चटणी. आत्याबाई म्हणाल्या, "तेच कर की याचं!" तेव्हापासून ओट्स घट्ट शिजवून गार करतो, त्यात वाटीभर घट्ट दही घुसळून घालतो, वर जिरेपूड, मीठ, आणि जवस-लसणाची चटणी दोन चमचे. बरोबर वाफवलेली मटकी किंवा एक उकडलेलं अंडं. उन्हाळ्यात फारच छान लागतं.

आणि हो, ओट्स नसतीलच घरात तर कण्याच करा. ज्वारीत शंभर ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ओट्समध्ये 13, फरक एवढासा. बीटा-ग्लुकन ज्वारीत ओट्सइतकं नाही हे खरं, पण तंतू आहेत, लोह आहे, आणि ज्वारी घरची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून 2018 साली आलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत तर लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. मिळाली तर जरूर घ्या. वर जे दाणे, जवस, डाळ, दही सांगितलं, ते कण्यांनाही तसंच लागू.

थोड्या सूचना

पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. मसाल्याच्या तयार पुड्यांत मीठ पुष्कळ असतं, गोड पुड्यांत साखर. साधे, जाडसर ओट्स घ्या. दोन मिनिटांत होणारे फार बारीक केलेले असतात, त्यांनी साखर लवकर चढते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. गरोदर बाईनं जवस नेमानं सुरू करण्याआधी विचारून घ्यावं. दाण्यांनी कुणाला पित्त उठत असेल, अंगावर गांधी येत असतील, तर दाण्यांऐवजी भाजकी डाळ घ्या. आणि साखरेची गोळी चालू असताना न्याहारी बदलली, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आमच्यासारखं करू नका.

तंतू वाढवले की पाणीही वाढवायला हवं, नाहीतर पोट जड होतं. पहिल्या आठवड्यात अर्ध्याच वाटीनं सुरुवात केलेली बरी.

आता आपल्या वाटीकडे

हे सगळे हिशेब मी आत्याबाईंसाठी मांडले. एका रविवारी सहज वहीच्या मागच्या पानावर माझ्या स्वतःच्या दिवसाचं मांडून पाहिलं. सकाळी चहा आणि दोन खारी. शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा चहा. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर दीड भाकरी आणि भाजीचा रस्सा, कारण वरण संपलेलं. दूध मुलांना, दही ह्यांना. बेरीज तिसापर्यंतही गेली नाही! पाय दुखतात, केस गळतात, चौथ्या तासाला फळ्यापुढं उभं राहवत नाही, हे सगळं मी वयावर ढकलत होते. पस्तिशीच्या बाईनं वयावर ढकलावं? केवळ प्रथिनांनीच हे होतं असं नाही; मी रक्तही तपासून घेतलं, तेव्हा लोहही कमी निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. पण ताटात काय पडतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं, एवढं खरं.

आपण घरातल्या प्रत्येकाची वाटी मोजतो. कुणाला किती मीठ, कुणाला किती साखर, सगळं पाठ असतं. आपली वाटी मात्र पातेल्यात काय उरलं त्यावर ठरते. तेव्हा एवढं कराच: एक दिवस, फक्त एकच दिवस, आपण काय खाल्लं ते कागदावर लिहा. कुणाला दाखवायचं नाही. आपण आपलं वाचायचं.

आमच्या घरी आता आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांना एकच न्याहारी असते, मोठ्या पातेल्यात. ह्यांनी आधी तोंड वाकडं केलं, पण मुलाला दाण्याचा कूट आवडला आणि त्याच्यामागून सगळे गाडीवर आले. बाकीच्या दिवशी आत्याबाईंची आणि माझी वाटी सारखी. सहा चाळीसला दोघी ओट्यापाशी बसून खातो, मग मी शाळेला पळते. अकराला त्यांची साखर खाली जात नाही. त्यात कमी केलेल्या गोळीचा वाटा आहेच, सगळं श्रेय मी वाटीला देणार नाही. पण जवस कुटायचं काम त्यांनी मागून घेतलं आहे. खलबत्त्याचा आवाज सकाळीच येतो.

परवा वाटी पुसून खाताना म्हणाल्या, "आता कसं, माणसाचं खाणं खाल्ल्यावानी वाटतं."

मला वाटतं, ती पथ्याची खळ त्या एकट्यानं, मुकाट्यानं खात होत्या, तेही त्यांच्या अंगी लागत नव्हतं. तेव्हा मैत्रिणींनो, वाटीत डाळ, दाणे, जवस घाला आणि शक्य तर शेजारी आपलीही वाटी मांडा.

तुमच्याकडे न्याहारीला कण्या, आंबील, सातू असं काही जुनं होत असेल तर प्रमाणासह जरूर कळवा. निवडक कृती याच पानावर देऊ.